डबलच्या तोंडातली कोय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. सकाळी फिरायला आणलेली कुत्री रस्त्यावरचं काहीबाही खातात, ओकतात, उकिरडा उपसतात. त्यांना घराबाहेर काढूच नये, कारण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असा एकूण सूर होता. शेपटाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या डबलचं शेपूट जिलबीसारखं आहे आणि ते तसंच राहो. तोंडाला मात्र वळण लावता येतं. मी ते आधी चुकीचं लावलं, त्यापायी माझ्या सहा महिन्यांच्या पेन्शनीएवढं बिल भरलं, आणि मग शिकलो. (आमची पेन्शन ईपीएस-९५ या योजनेची, म्हणजे अगदी तुटपुंजी आहे, तेव्हा आकडा ऐकून कुणी दचकणार नाही. मी दचकलो.)

मी एसटीत ३३ वर्षं वाहक होतो. निवृत्तीनंतरही पाय डेपोकडेच वळायचे. तिथं भंगारात काढलेल्या एका गाडीखाली जानेवारीत एक कुत्री व्याली. त्यातलं एक पिल्लू मार्चमध्ये मी घरी आणलं. भुंकायचं ते दोनदा, मग गप्प, मग पुन्हा दोनदा. एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला, हे एसटीनं फिरलेल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा नाव डबल पडलं.

डबलचे पहिले दोन महिने कँटीनमागच्या खरकट्यावर गेले होते. तिथला नियम एकच, आधी गिळेल त्याचं. घरी सौ. वेळच्या वेळी अंडं, भात, चिकन घालायची, तरी बाहेर पाऊल टाकलं की याचं नाक जमिनीला आणि जबडा चालू. मला वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायची सवय, म्हणून एक वही केली: तारीख, ठिकाण, वस्तू, काय झालं. पहिल्या पंधरवड्याचं पान उघडून समोर ठेवलंय. चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, आइस्क्रीमच्या काड्या, केसांचं गुंतवळ, कोंबडीची हाडं, लहान मुलाचा एक मोजा, भिजलेला वडापाव कागदासकट आणि एका लग्नाच्या पत्रिकेतला गणपती. प्रत्येक नोंदीपुढे माझ्या अक्षरात एकच शेरा आहे: ‘काढून घेतलं.’

हे ‘काढून घेतलं’ म्हणजे काय? तर डबलनं काही उचललं की मी ओरडायचो, झडप घालायचो, जबडा उघडायचो आणि आत बोटं. दोन आठवड्यांत पोरगं तयार झालं. माझा पाय उचललेला दिसला की ते पळायचं. मी मागं, ते पुढं. आमच्या गल्लीतल्या पोरांची चांगली करमणूक व्हायची. डबलचीही होत असणार, हे मला तेव्हा कळलं नाही.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी, गोडोलीच्या वळणावर त्याला आंब्याची कोय सापडली. रायवळ आंब्याची, लहानशी. तो ती दोन पायांत धरून चोखत बसला होता. मी बसू दिलं असतं, किंवा खिशात काही चांगलंचुंगलं असतं, तर बात तिथंच मिटली असती. पण मी धावलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान वर केली आणि कोय अख्खी गिळली.

रात्री व्यवस्थित जेवला. बुधवारी दोनदा ओकला. शेजारच्यांनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं, नशिबानं घरात कुणाचं धाडस झालं नाही. गुरुवारी पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. कोय एक्स-रेत नीट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी. आतड्यात अडकली होती. त्याच दिवशी पोट फाडून काढली. पुढं बारा दिवस गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून डबल घरातल्या प्रत्येक चौकटीला धडकत होता.

मिठाच्या पाण्याचं मी डॉक्टरांना सहज सांगितलं, तर ते चिडलेच. जास्त मीठ हेच कुत्र्याला विष आहे. आणि गिळलेलं टोकदार असेल किंवा अॅसिडसारखं जाळणारं असेल, तर उलटी होताना ते दुसऱ्यांदा इजा करतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार. आपण फक्त काय गिळलं, किती, किती वाजता, एवढं सांगायचं आणि पुडा किंवा वेष्टन सापडलं तर सोबत न्यायचं. माझी वही तिथं पहिल्यांदा उपयोगी पडली.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टर जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, “काका, तुम्ही त्याला गिळायला शिकवलंत. तुम्ही हिसकावता. तुमचा हात पोचणार नाही अशी एकच जागा त्याच्याकडे आहे, ती म्हणजे पोट.”

मी गर्दीच्या गाडीत बिनतिकिटाची माणसं पकडलेली आहेत. हिसकावून, ओढून काही होत नाही हे मला गाडीत कळत होतं, मग कुत्र्याच्या बाबतीत का कळलं नाही कोण जाणे.

डॉक्टरांनी आधी कारणं तपासली. जंताचं औषध वेळेवर गेलंय का, रक्त कमी आहे का, कारण सारखी माती नि भिंतीचा चुना चाटणाऱ्या पिल्लात कधी कधी तेही असतं. लसी पूर्ण झाल्यात का, कारण पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. लस अर्धवट असलेल्या पिल्लानं रस्त्यावर तोंड घालणं म्हणजे जुगारच. आणि दात. चौथ्या महिन्यापासून साधारण सातव्यापर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या सळसळतात, समोर येईल ते चावावंसं वाटतं. त्यासाठी घरीच ओला पंचा पिळून, पीळ घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि आपण समोर बसून चावायला द्यायचा. माझे दोन पंचे त्यात गेले. चपला वाचल्या.

मग शिकवणी. आधी घरातला गोंधळ निस्तरला. मी म्हणायचो ‘सोड’, सौ. म्हणायची ‘नको रे’, सहावीतली नात म्हणायची ‘नो’, आणि मुलगा नुसताच मोठ्यानं ‘ए’. चार कंडक्टर चार तऱ्हेनं बेल मारायला लागले तर ड्रायव्हर गाडी कुठं नेईल? आम्ही दोनच शब्द ठरवले. समोर पडलेल्या वस्तूला ‘राहू दे’. तोंडात गेलेल्या वस्तूला ‘दे’. शब्द एकदाच बोलायचा. ‘पुढे सरका, पुढे सरका’ असं मी आयुष्यभर ओरडलो. तिसऱ्या वेळेनंतर कुणी ऐकत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पहिला धडा मुठीचा. उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा डाव्या मुठीत धरून डबलच्या नाकासमोर धरायचा. बोलायचं काही नाही. तो चाटतो, नखं मारतो, भुंकतो, दातानं कुरतडून बघतो. मूठ उघडायची नाही आणि मागंही घ्यायची नाही. कधीतरी कंटाळून तो नाक बाजूला करतो. त्याच क्षणाला खूण करायची आणि उजव्या हातातून दुसरा तुकडा द्यायचा. मुठीतला कधीच द्यायचा नाही, नाहीतर तो एवढंच शिकेल की जरा थांबलं की खाली पडलेलंही मिळतं.

खुणेसाठी बाजारात एक टिकटिक वाजणारी डबी मिळते म्हणे. माझ्याकडे तिकिटाचा पंच होता. नोकरीतलं सामान मी जमा केलं होतं. हा नंतर जुन्या बाजारात दिसला आणि राहवलं नाही म्हणून घेतला होता. मशीन यायच्या आधी तो नुसता वाजवला की निम्मी गाडी खिशात हात घालायची. आता तो वाजला की डबल माझ्या हाताकडं बघतो. पंच वाजला की खाऊ येणार, एवढं त्याला एका दुपारीत समजलं. आवाजाचा फायदा असा की नेमका कोणता क्षण बरोबर होता ते कुत्र्याला कळतं. आपण ‘शाब्बास रे माझ्या राजा’ म्हणेपर्यंत तो पुन्हा वाकलेला असतो.

दिवसातून तीनदा, तीन-तीन मिनिटं. पाचव्या दिवशी मूठ दिसली की तो स्वतःच मान वळवायला लागला, तेव्हा ‘राहू दे’ हा शब्द जोडला. मग तळहात उघडा. मग तुकडा फरशीवर, वर हात झाकायला तयार. मग फरशीवर, आणि माझा बूट शेजारी. मग मी उभा, तो पट्ट्यात, आणि आम्ही तुकड्याजवळून चालत जायचं. घरात पैकीच्या पैकी मार्क पडायला लागले म्हणून मी मोठ्या तोऱ्यात त्याला रस्त्यावर नेलं, आणि पहिल्याच मिनिटाला त्यानं शेंगदाण्याची पुडी उचलली.

यात त्याची चूक नव्हती. आमच्या हॉलमधला ‘राहू दे’ आणि साताऱ्याच्या राजपथावरचा ‘राहू दे’ हे कुत्र्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. प्रत्येक नव्या जागी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते: अंगण, मग जिना, मग पहाटेची रिकामी गल्ली, मग भाजीबाजाराची कड. नातीनं यात एक चांगली युक्ती काढली. झाकणाला भोकं पाडलेली डबी, आत सुकट. ती आधी जाऊन डबी वाटेत ठेवून यायची. वास पुरेपूर, पण खाता येणार नाही. अशा डबीजवळून आम्ही महिनाभर ये-जा केली. डबलनं डबीकडं बघून माझ्याकडं बघितलं की पंच वाजायचा. शेजारणीनं सौ.ला विचारलं, हे काय नवीन, करणी वगैरे आहे का?

आणि ‘दे’. हा खरा महत्त्वाचा धडा, आणि मी तोच गाळला होता. कुत्रं घरच्या खेळण्यानं खेळत असताना जवळ जायचं, ‘दे’ म्हणायचं, पनीरचा तुकडा नाकाशी धरायचा. खेळणं सुटतं. तुकडा द्यायचा, आणि खेळणं परत द्यायचं. उसनं घेतलेलं परत मिळतं अशी पत बाजारात एकदा बसली की माणूस निर्धास्त देतो, तसंच हे. डबलला पुरतं पटायला तीन आठवडे लागले. जुलैत चार भिंती स्मारकाच्या वाटेवर त्यानं कोंबडीचं हाड उचललं. माझ्या काळजात धस्स झालं, पण मी जागचा हललो नाही, उलट एक पाऊल मागं घेतलं आणि नेहमीच्या आवाजात ‘दे’ म्हणालो. तो हाड घेऊन माझ्याकडं चालत आला आणि बुटावर ठेवलं. पिशवीत होतं नव्हतं तेवढं सगळं चिकन मी त्याला तिथंच खाऊ घातलं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. ते हाड पोटात गेलं असतं तर पुन्हा तोच भोंगा.

फिरताना मी आता पट्टा ओढत नाही. ओढ लागली की कुत्रं आणखी पुढं ओढतं, बैलासारखं. रस्त्याच्या कडेनं जात नाही, कारण सगळा माल कडेलाच असतो. रिकाम्या पोटी बाहेर काढत नाही. बाहेर खाऊ नेहमी हातातून देतो, खाली टाकून कधीच नाही.

मुसक्याबद्दल लोकांना फार राग असतो, म्हणून थोडं लिहितो. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात ते बैल चावतो म्हणून नव्हे, धान्यात तोंड घालू नये म्हणून. जाळीचं, ऐसपैस मुसकं असेल तर कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी घट्ट पट्टी मात्र फिरायला नेताना नको. कुत्र्याला घाम असा नावालाच येतो, तोंड उघडून धापा टाकूनच ते अंग निववतं. जाळीत दही लावून आठवडाभर नुसतं चाटायला दिलं, मग क्षणभर अडकवलं, मग मिनिटभर. शिकवणी पुरी होईपर्यंतचे दोन महिने या मुसक्यानं आम्हाला सांभाळलं. येणारा-जाणारा विचारायचा, ‘चावतो का?’ मी सांगायचो, ‘नाही, गिळतो.’

आता थोडं त्या पत्रलेखक गृहस्थांशी. साहेब, कुत्रं जे खातं ते त्यानं घरून आणलेलं नसतं. माझी वही चाळली तर गावाचं पंचांग त्यात सापडेल. मे-जूनमध्ये कोयी. पाऊस लागला की दाणे खाऊन फेकलेली मक्याची कणसं. तीही आतड्यात कोयीसारखीच अडकतात. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं, उतारा: दहीभात, अंडं, नारळ आणि टाचण्या टोचलेलं लिंबू. मी श्रद्धेच्या वाटेला जात नाही, माझी आईसुद्धा उतारा टाकायची. पण टाचणीवाचून उतारा लागू पडत नाही असं कुठं आहे का, एवढं जाणकारांनी सांगावं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी द्रोणातला शिरा कठड्यावर ठेवलेला असतो. त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला साठीत कळलं. कुंपणाला बिट्टीची झाडं, म्हणजे पिवळी कण्हेर. तिचं फळ, बी, पान सगळं हृदयाला विषारी.

पावसाळ्यात रात्री दिव्याखाली बसणारे खरबरीत अंगाचे मोठे बेडूक हा आणखी एक प्रकार. ते तोंडात धरले की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, कारण बेडकाच्या डोळ्यामागच्या गाठींत विष असतं. ओल्या फडक्यानं हिरड्या आणि जीभ पुन्हा पुन्हा पुसायची, पाणी घशात ओतायचं नाही, आणि डॉक्टर गाठायचा. हे आमच्याकडे ऑगस्टमध्ये झालं. डबल वाचला, बेडूकही वाचला.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे फेकलेले असतात आणि पिल्लं ती आवर्जून उचलतात. पॅड पोटात फुगतं. ते नीट गुंडाळून द्यावं हे २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांतच लिहिलेलं होतं. घंटागाडीवरच्या बायका हातानं कचरा निवडतात, त्यांच्यासाठी तरी एवढं करायला हरकत नसावी.

आणि उंदरांचं औषध. मागं एका इमारतीच्या कुंपणापाशी निळसर वड्या उघड्यावर पसरलेल्या होत्या. ब्रोमाडिओलोनसारखी ही औषधं रक्त गोठू देत नाहीत. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं, मग सुस्त होतं, मग हिरड्यांतून, नाकातून किंवा आतल्या आत रक्तस्राव. वेळेत नेलं तर व्हिटॅमिन के-१ देऊन बहुतेक जनावरं वाचतात, पण ‘चांगलं दिसतंय की’ म्हणून लोक थांबतात. वड्या ठेवायच्याच असतील तर उंदरालाच शिरता येईल अशा बंद पेटीत ठेवाव्यात. त्या इमारतीच्या अध्यक्षांना मी जाऊन भेटलो. ते म्हणाले, कुत्री आत येतातच कशाला? पण आठ दिवसांनी पेट्या आल्या.

चार भिंतीच्या वाटेवरच्या चिकनच्या गाडीवाल्यानंही हाडांसाठी झाकणाचा डबा ठेवलाय. त्याला मी काही शिकवलं नाही. डबलनं हाड बुटावर ठेवलं तेव्हा तो झाऱ्या हातात धरून बघत उभा होता.

वहीचा हिशेब सांगून थांबतो. एप्रिलमध्ये तोंडात गेलेल्या वस्तू ६३. जूनमध्ये ३८, मुसकं काढून चालवलेल्या दिवसांच्या. सप्टेंबरात ५, आणि त्या पाचही ‘दे’ म्हटल्यावर मिळाल्या. ‘काढून घेतलं’ हा शेरा मेनंतर एकदाही नाही.

शेणाचं मात्र काही केल्या जमलेलं नाही. ताजं शेण दिसलं की मूठ, पंच, पनीर, नात, कशालाच डबल ओळखत नाही. चिकनच्या बदल्यात दिलं नाही, सुक्या बोंबलाच्या बदल्यातही दिलं नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला यावर उपाय सापडला असेल तर याच सदरात जरूर लिहावं, मी कात्रण काढून वहीत चिकटवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
गोडोली, सातारा